हसरा पिवळा चेहरा छापायचाय? आधी त्याचा धनी शोधा

सांगलीत आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. गणपतीच्या आधी मंडळांचे टी-शर्ट, डिसेंबरात शाळांच्या स्नेहसंमेलनांचे. दरवर्षी कोणीतरी मोबाइल पुढे करतं, "ताई, हा स्माइली टाका. तो काय, सगळ्यांचाच आहे." फ्रेम करायला घेण्याआधी मी तासभर शोधाशोध करते. ती कशी करायची, आणि स्वतः काढलेलं चिन्ह कसं जपायचं, ते नव्याने या धंद्यात आलेल्यांसाठी लिहितेय.

"चिन्ह कोणाचं?" एवढंच विचारून भागत नाही. चित्र काढलं कोणी, कॉपीराइट (म्हणजे चित्राची नक्कल करण्याचा हक्क) कोणाकडे, आणि ट्रेडमार्क (म्हणजे मालाची ओळख म्हणून नोंदवलेलं चिन्ह) कोणाच्या नावावर, कोणत्या देशात, कोणत्या मालासाठी, हे सगळं वेगवेगळं विचारायचं. स्माइलीचंच बघा.

१९६३ साली अमेरिकेतल्या वुस्टर गावी हार्वी बॉल नावाच्या चित्रकाराला एका विमा कंपनीने बोलावलं. कंपन्यांच्या विलीनीकरणामुळे कर्मचारी नाराज होते, त्यांना हसतं ठेवायला बिल्ले हवे होते. बॉलने दहाएक मिनिटांत पिवळं वर्तुळ, दोन लांबट डोळे आणि किंचित वाकडं हसू काढून दिलं. मोबदला ४५ डॉलर. नोंदणी त्यानेही केली नाही, कंपनीनेही नाही. पुढे १९७० च्या सुमारास फिलाडेल्फियातल्या बर्नार्ड आणि मरी स्पेन या भावांनी तो चेहरा एका छोट्या शुभेच्छेसोबत बिल्ल्यांवर छापला आणि दोनेक वर्षांत कोट्यवधी बिल्ले खपवले. तिकडे फ्रान्समध्ये फ्रँकलिन लुफ्रानी हा पत्रकार १९७२ पासून दैनिकातल्या चांगल्या बातम्यांजवळ हसरा चेहरा छापू लागला. त्याने मात्र ट्रेडमार्क नोंदवला, एकेका देशात नोंदवत गेला आणि त्यावर मोठा धंदा उभा केला. इतकं साधं चित्र कोणा एकाने शोधलं असं म्हणताच येत नाही, अशी त्याच्या मुलाची, निकोलसची, बाजू. त्यात तथ्य नाही असं नाही, न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने १९६२ मध्येच स्वेटशर्टवर पिवळा हसरा चेहरा छापला होता. पुढे वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने तो दुकानांत वापरायला घेतला, तेव्हा अमेरिकेत वॉलमार्ट आणि लुफ्रानी यांचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी तडजोडीने मिटला. बॉल या भांडणात कुठेच नव्हता. त्याने १९९९ पासून ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार 'जागतिक हास्य दिन' म्हणून सुरू केला, आणि २००१ मध्ये तो गेला.

माझ्या मते चित्रकार म्हणून बॉलचं नाव घेतलंच पाहिजे. पण छपाईवाल्याला नोटीस येते ती नोंदणी ज्याच्या हातात आहे त्याची.

म्हणून शोध असा घ्या. ट्रेडमार्क रजिस्ट्री, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणारं सरकारी कार्यालय, तिच्या संकेतस्थळावर 'पब्लिक सर्च' आहे, पैसे लागत नाहीत. शब्दाने शोधा, आणि नुसतं चित्र असेल तर व्हिएन्ना कोडने, म्हणजे चित्रात काय आहे त्यानुसार दिलेल्या आकड्याने. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे ४५ वर्ग आहेत. कपडे २५ मध्ये येतात, कागदी छपाई १६ मध्ये. आपल्या मालाचा वर्ग तर बघाच, पण शेजारचेही चाळा. नोंद सापडली की नुसतं नाव वाचून थांबू नका. अर्ज मंजूर आहे, त्याला विरोध झालाय की तो सोडून दिलाय, हे बघा. नोंदणी १० वर्षांची असते, मग नूतनीकरण लागतं. चित्र मिळतंजुळतं वाटलं तर वकिलाला विचारा, किंवा सरळ नवं काढा. मी बहुतेक वेळा नवंच काढते. गिऱ्हाइकाने आणलेलं चित्र असेल तर "हे वापरायचा हक्क आमचा आहे" असं त्यांच्या सहीने लिहून घेते. त्याने आपली जबाबदारी पूर्ण टळत नाही, पण गिऱ्हाईक सही करताना विचार करतं.

आता स्वतःच्या चिन्हाबद्दल. हे मी ठेच लागून शिकले. २०१४ मध्ये एका मसालेवाल्यांसाठी मी मिरच्यांची वेणी घातलेली बाई काढली. १,५०० रुपये रोख. बिलात लिहिलं, "डिझाइन – १". चार वर्षांनी दोघा भावांच्या वाटण्या झाल्या आणि दोघेही माझ्या दारात. "ताई, तुम्ही हे माझ्यासाठी काढलंत ना?" दोघांचं मीठ खाल्लेलं, आणि हातात कागद एकही नाही. एका भावाने तर पुढे सगळीकडे सांगितलं की ते चित्र त्यानेच काढलंय. त्या दिवशी मी घरी येऊन रडले.

तेव्हा एका वकीलबाईंनी समजावलं: पैसे दिले म्हणजे कॉपीराइट आपोआप गेला असं नाही. नोकरीत असताना काढलेलं चित्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. पण बाहेरून घेतलेल्या लोगोच्या कामात हक्क सहसा काढणाऱ्याकडेच राहतो, आणि तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हक्क विकल्यावरही 'हे मी काढलंय' असं म्हणण्याचा अधिकार काढणाऱ्याकडे राहतो.

तेव्हापासून काम हातात देण्याआधी एक पानी करार करते. कोणासाठी हे स्पष्ट: व्यक्ती, भागीदारी की कंपनी. भागीदारी असेल तर सगळ्यांच्या सह्या. हक्क कायमचा देतेय की ठरावीक वर्षांसाठी, कुठे, कशावर छापायला. चित्राची छोटी प्रिंट त्याच पानावर चिकटवते आणि सही तिच्यावरून अर्धी जाईल अशी घेते. कच्ची स्केचेस, खाडाखोड झालेलीसुद्धा, तारीख घालून फायलीत. कोरलड्रॉ या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल स्वतःला मेल करून ठेवते.

कॉपीराइट नोंदणीशिवायही मिळतो, पण नोंदणी कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा ठरते, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात. चित्राची फी ५०० रुपये, मालावर वापरायचं असेल तर २,०००, शिवाय ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा दाखला. ट्रेडमार्क गिऱ्हाइकाने स्वतःच्या नावावर घ्यावा. एकट्या माणसाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे एका वर्गाला ४,५०० पडतात.

त्या दोन भावांपैकी धाकटा गेल्या वर्षी नवं चिन्ह काढून घ्यायला आला. चहा येईपर्यंत मी करार पुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला, आणि सही करण्याआधी विचारलं, "ताई, खाली तुमचं नाव छापलं तर चालेल ना?"