चिडाच्या सुयांतले कोळी कसे बाहेर काढायचे

मिरग निघाला की बांधावर फिरणारा लाल मखमली किडा आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतो. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो माइट, जाळं विणणाऱ्या कोळ्याचा भाऊबंद. इथे कोळी म्हणजे हे माइटच. त्याचे बाकीचे सोयरे मातीत बारमाही असतात, पण बहुतेक मिलिमीटरभरही नसतात. थंड मुलखातल्या सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांच्या जंगलात त्यांची गर्दी एवढी, की चौरस मीटरभर जागेत लाखाच्या वर निघतात.

आता लातुरात चीड, म्हणजे पाइन, कुठला? पण घरातलं कुणी ना कुणी हिमाचल-उत्तराखंडला जातंच. त्यांना सांगा, अभयारण्यातलं काही उचलू नका, मुक्कामाच्या अंगणात पडलेल्या सुया विचारून घ्या. वरच्या कोरड्या सुया बाजूला सारून खालचा ओलसर, काळपट थर डब्यात सैल भरायचा. झाकणाला भोकं पाडायची आणि डबा उन्हात ठेवायचा नाही.

दोन लिटरची बाटली मधोमध कापा. वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवा, झालं नरसाळं. त्यात दोनेक मिलिमीटर भोकांची जाळी, जाळीवर दोन बोटं जाडीचा पाचोळा. तळाला स्पिरिट. वर वीतभर अंतरावर 25 वॉटचा तारेचा पिवळा बल्ब. एलईडी चालत नाही, तो तापतच नाही. आमच्या शाळेतल्या पोरींनी गंजगोलाईची बाजारपेठ पालथी घातली तेव्हा कुठे पिवळा मिळाला. दुकानदार म्हणे, ‘‘बाई, आता हे कोण नेतंय?’’

ही युक्ती 1905 सालची, इटलीच्या बर्लेसे यांची. ते नरसाळं गरम पाण्याने तापवत. बल्ब नंतर स्वीडनच्या टुलग्रेन यांनी लावला. पाचोळा वरून वाळत येतो तसे कोळी ओल शोधत खाली सरकतात आणि टपकतात. सगळी गोम सावकाश वाळवण्यात आहे. फार तापवलं तर ते जागेवरच मरतात, म्हणून हे काम पौष-माघात करा. चार-पाच दिवस लागतात. मध्ये लाइट गेली तरी बिघडत नाही. नरसाळं मात्र हलवू नका, नाहीतर स्पिरिटमध्ये नुसती माती.

भिंगाखाली तपकिरी, चकचकीत, टणक कवचाचे दिसतील ते ओरिबॅटिड. बुरशी आणि कुजकं खाणारे. त्यांतले काही पाय आत ओढून डबीसारखे मिटतात. लांब पायांचे, फिकट ते बहुधा शिकारी. त्यांची धावपळ बघायची तर स्पिरिटऐवजी ओला टीपकागद ठेवा.

थोड्या मऊ पडलेल्या सुया नरसाळ्यात न घालता राखून ठेवा आणि ब्लेडने उभ्या चिरा. एखादी आतून पोकळ निघते, बारीक लेंड्यांनी गच्च भरलेली. डबीवाल्यांची पिल्लं आतला गर खात तिथेच वाढतात, बाहेरची साल तशीच ठेवून. चिडाखालची माती आंबट, तिथे गांडुळं कमीच. सुयांचा भुगा करायचं काम बरंचसं यांच्यावर पडतं. पुढचं कुजवणं त्या लेंड्यांवरची बुरशी आणि जिवाणू करतात.

तुलनेसाठी शेजारी दुसरं नरसाळं लावून त्यात कडुलिंबाखालचा पाचोळा घाला. सुरूचा घेतलात तरी चालेल, पण त्या सुया म्हणजे बारीक फांद्या, आणि सुरू काही सूचिपर्णी नव्हे.

उरलेला चिडाचा पाचोळा शेतात फेकू नका. उकळतं पाणी ओता, मगच उकिरड्यावर.