रुईच्या गोतावळ्यातली वनस्पती कशी ओळखावी

पान तोडले, दुधासारखा चीक आला की "रुईच्या जातीतले काहीतरी" असे म्हणून आपण मोकळे होतो. पण चीक हा इथे फार कच्चा पुरावा आहे. वडाला चीक येतो, फणसाला येतो, शेराला तर भरपूर येतो, आणि यांपैकी कोणीही रुईच्या नात्यातले नाही. उलट ॲस्क्लेपिअस ट्युबरोझा ही रुईची अगदी जवळची नातलग, पण तिच्यातून पांढरा चीक निघतच नाही. खरा पुरावा असतो फुलाच्या मधोमध, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत. तो बाहेर कसा काढायचा आणि वाचायचा कसा, हे एकदा जमले की बाकीचे वर्गीकरण बरेचसे आपोआप सुटते.

तयारी

दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक बारीक सुई आणि फिकट निळ्या कागदाचा तुकडा एवढे पुरते. निळा कागद अशासाठी, की त्यावर पिवळे आणि काळसर असे दोन्ही बारीक भाग उठून दिसतात. फूल ताजे आणि नुकते उमललेले असावे. कोमेजलेल्या फुलावर वेळ घालवू नका.

चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, ही सूचना गंभीरपणे घ्या. रुईच्या चिकाने डोळ्याचा पारदर्शक पडदा सुजतो आणि नजर धूसर होते. सुरुवातीला फारसे दुखतही नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. चीक गेलाच तर भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. काम संपेपर्यंत हात डोळ्यांना लावायचा नाही.

पायरी 1 : पानांवरून चाळणी लावा

या गटात पाने बहुधा समोरासमोर, साधी आणि अखंड कडांची असतात. वड-फणसाची पाने एकाआड एक असतात, त्यामुळे ते इथेच गळतात. अपवाद मात्र आहेत. ॲस्क्लेपिअस ट्युबरोझाची पाने एकाआड एक असतात, ॲस्क्लेपिअस व्हर्टिसिलाटाची एका पेरावर मंडलात, आणि माकडशिंगासारख्या मांसल खोडाच्या वनस्पतींत पाने नावापुरतीच उरलेली असतात. म्हणून पानांवरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

पायरी 2 : फुलाच्या मध्यभागी पुंकेसर वेगळे दिसतात का पाहा

रुईचे फूल वरून पाहा. पाच पाकळ्या, त्यांच्या मधोमध उभा स्तंभ, स्तंभाला चिकटलेल्या पाच मांसल कमानी आणि वर पंचकोनी सपाट माथा. त्या कमानींच्या कड्याला तोरण म्हणतात. या फुलात सुटे पुंकेसर शोधून सापडणार नाहीत, कारण पुंकेसर आणि स्त्रीकेसराचा माथा एकजीव होऊनच हा स्तंभ झालेला असतो. सदाफुली, कण्हेर, तगर हीही याच मोठ्या कुलातली, पण त्यांचे पुंकेसर वेगळे ओळखू येतात आणि पराग सुटे, भुकटीसारखे असतात.

स्त्रीकेसराची गंमत अशी, की खाली दोन अंडाशय एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात आणि फक्त माथ्यापाशी जोडलेले असतात. पराग ग्रहण करणारा भाग त्या सपाट माथ्यावर नसून त्याच्या खालच्या बाजूला, फटींच्या आत दडलेला असतो.

पायरी 3 : सुईने परागजोडी बाहेर काढा

हीच मुख्य पायरी, तेव्हा घाई नको.

पंचकोनी माथ्याच्या पाचही कोपऱ्यांवर भिंगातून एकेक काळसर किंवा तपकिरी ठिपका दिसेल. प्रत्येक ठिपक्याच्या खाली एक उभी फट असते, दोन शेजारच्या परागकोशांच्या कडा जिथे भेटतात तिथे. सुईचे टोक फटीत खालच्या बाजूने अलगद घाला आणि वर सरकवा. टोक ठिपक्यात अडकते. आणखी जरासे ओढले की ठिपक्यासकट दोन पिवळ्या, मेणचट पिशव्या बाहेर येतात, कावडीच्या दांडीला दोन बाजूंना भार लटकावा तशा. ठिपका म्हणजे चिमटा, त्यापासून निघणाऱ्या दोन दांड्या आणि दांड्यांच्या टोकांना परागपुंज. जोर लावू नका. दांडी तुटली तर उरलेले चार कोपरे आहेतच.

या दोन पिशव्या एकाच परागकोशातल्या नसतात. एक उजवीकडच्या परागकोशाच्या अर्ध्या भागातली, दुसरी डावीकडच्या परागकोशाच्या अर्ध्या भागातली. पुस्तकातली आकृती पाहताना बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो.

सुईने आपण जे केले, तेच काम एरवी कीटकाचा पाय करतो. पाय फटीत घसरतो, वर ओढताना चिमट्यात सापडतो आणि कीटक जोडी घेऊन उडतो. अशक्त कीटकाला पाय सोडवता आला नाही तर तो तिथेच अडकून मरतो. फुलांवर असे मेलेले कीटक दिसतातही. ऑर्किडमध्येही परागपुंज असतात, पण ते एकदलिकित कुल असून तिथे ही रचना स्वतंत्रपणे विकसित झाली. नात्याचा प्रश्नच नाही.

पायरी 4 : उपकुल ठरवा

कागदावर ठेवलेला नमुना भिंगाखाली धरा. पिशव्या न दिसता चमच्यासारख्या पात्यावर परागकणांची चिकट रास दिसली, तर उपकुल पेरिप्लोकॉइडी. उपलसरी म्हणजे अनंतमूळ इथले. एका चिमट्याला चार चिमुकले परागपुंज असतील तर सेकॅमोनॉइडी. ते फारच बारीक असतात, भिंग तोकडे पडले तर सूक्ष्मदर्शी लागेल. दोनच असतील तर ॲस्क्लेपिएडॉइडी, म्हणजे खास रुईचे उपकुल.

पायरी 5 : पुंज लोंबते की उभे?

हे बाहेर काढलेल्या जोडीवर ठरवू नका. अनेक जातींत दांड्या वाळताना काही मिनिटांत वळतात आणि दिशा बदलते. दुसरे फूल घ्या, परागकोश सुईने उघडा आणि जागच्या जागी पाहा. पुंज चिमट्यापासून खाली लोंबत असतील तर ॲस्क्लेपिएडी हा गण (उपकुलाचा पोटगट): रुई, हळदीकुंकू, उतरण. वर उभे असतील तर होया आणि गुडमार यांचा मार्सडेनिई किंवा कंदीलपुष्प आणि माकडशिंग यांचा सेरोपेजिई. टायलोफोरा मात्र त्रास देते. तिचे पुंज आडवे किंवा किंचित वर वळलेले असतात, तरी ती रुईच्याच गणात बसते.

पायरी 6 : प्रजाती (जवळच्या जातींचा गट) आणि जाती

इथून पुढे तोरण, पाकळ्या आणि फळ कामी येतात. रुईच्या दोन नेहमीच्या जाती पाकळ्यांवरून सुटतात. कॅलोट्रॉपिस जायजँटियाच्या पाकळ्या पसरट किंवा मागे वळलेल्या, फिकट जांभळ्या किंवा पांढऱ्या. प्रोसेराच्या उभट, टोकांना गडद जांभळ्या. नुसत्या रंगावर जाऊ नका. पांढरे फूल म्हणजे वेगळी जाती, हा समज चुकीचा आहे.

कंदीलपुष्पात पाकळ्यांची नळी होते आणि आतले केस खाली वळलेले असतात. माशी आत जाते, पण केस सुकेपर्यंत बाहेर पडू शकत नाही. परागजोडी तिच्या सोंडेला चिकटते. इथे नळी उभी चिरल्याशिवाय स्तंभ दिसणारच नाही.

फळे जोडीने यायला हवीत, पण बरेचदा एकच वाढते. ते एका बाजूने उकलते आणि रेशमी झुबका असलेल्या चपट्या बिया, मुलांच्या भाषेत म्हाताऱ्या, वाऱ्यावर जातात. उतरणीच्या फळावर मऊ काटे असतात, ती एवढ्यावरूनही ओळखता येते. गुडमारचे पान चावल्यावर काही काळ साखर गोड लागत नाही हे खरे, पण अनोळखी पान चावून खात्री करू नका. या गटात हृदयावर परिणाम करणारी विषे आहेत.

पायरी 7 : नाव नोंदताना

जुन्या ग्रंथांत कुल ॲस्क्लेपिएडेसी दिसेल, नव्यांत ॲपोसायनेसी. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जुसियने 1789 मध्ये दोन्ही एकत्रच ठेवली होती. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने 1810 मध्ये परागपुंजांच्या आधारे रुईचा गट वेगळा काढला. ऑर्किड आणि रुई यांच्या फलनाचा अभ्यास करताना पेशीतल्या केंद्रकाला नाव देणाराही हाच. पुढे डीएनएच्या अभ्यासातून दिसले, की रुईचा गट कण्हेरीच्या फांदीतूनच फुटलेला आहे. त्याला वेगळे कुल मानले तर उरलेले कुल अर्धवट राहते, म्हणून तो परत ॲपोसायनेसीत घेतला गेला. आता या कुलात सुमारे 5,000 जाती मोजतात.

नोंदीत कुल ॲपोसायनेसी लिहा, त्याखाली उपकुल ॲस्क्लेपिएडॉइडी. प्रजातीचे नाव लिहिताना कोणत्या ग्रंथाप्रमाणे तेही लिहून ठेवा. 2017 च्या एका मांडणीत माकडशिंग आणि स्टॅपेलिया (तशीच मांसल खोडाची प्रजाती) यांच्यासह अख्खा गट सेरोपेजियात, म्हणजे कंदीलपुष्पाच्या प्रजातीत, सामावला आहे. ती सगळ्यांनी स्वीकारलेली नाही, त्यामुळे एकच झाड दोन ठिकाणी दोन नावांनी सापडू शकते.