आर्टिकलशिपला येताना ‘फेअर’ एवढा एकच शब्द नीट शिकून या

मराठी माध्यमात शिकून फोर्टातल्या एखाद्या सीए फर्ममध्ये आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होताना करायच्या उमेदवारीला, लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. इंग्रजी सुधारायचं म्हणून तुमच्यापैकी बरेच जण याद्या पाठ करत असतील: एक शब्द, त्याच्या शेजारी पाच समानार्थी. यादी पाठ होते, पण ईमेल लिहायला बसलं की त्या पाचांतला कुठला घ्यायचा ते कळत नाही. त्यापेक्षा रोज कानावर पडणारं एकच विशेषण धरा आणि ते कुठल्या नामाबरोबर येतं ते बघत राहा. माझं इंग्रजी असंच मार्गी लागलं.

सुरुवात ‘फेअर’पासून करा. अर्धा शब्द आपल्याला शाळेतच कळलेला असतो. रफ वही आणि फेअर वही. इथे फेअर म्हणजे खाडाखोड नसलेली, पक्की. रेशन दुकानाच्या पाटीवरचं ‘रास्त भाव’ म्हणजे इंग्रजीतलं ‘फेअर प्राइस’च.

ऑफिसात मात्र हा शब्द भेटतो तो ऑडिट रिपोर्टमध्ये: ‘ट्रू अँड फेअर व्ह्यू’, म्हणजे हिशेबांतून दिसणारं कंपनीचं खरं आणि रास्त चित्र. १९१३ च्या कंपनी कायद्यात इथे ‘ट्रू अँड करेक्ट’ असं होतं. १९५६ च्या कायद्यात ‘करेक्ट’च्या जागी ‘फेअर’ आलं आणि २०१३ च्या कायद्यातही तेच राहिलं. हा बदल मुद्दाम समजून घ्या. मशीन किती वर्षं चालेल, उधारीतली किती रक्कम बुडेल, कोर्टात अडकलेल्या दाव्याचं काय होईल, असे कितीतरी अंदाज ताळेबंदात असतात. अंदाज ‘करेक्ट’ आहे असं आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो हाती असलेल्या माहितीवर प्रामाणिकपणे बेतला आहे का, वाचणाऱ्याची दिशाभूल तर होत नाही ना, हे मात्र तपासता येतं. म्हणजे बेरीज बरोबर असूनही चित्र ‘फेअर’ नसू शकतं. मोठी देणी कुठेतरी टिपेत दडवली असतील तर आकडे जुळतील, पण ‘ट्रू अँड फेअर’ म्हणून आपण सही करायची नसते. या एका विशेषणावर आपला सगळा व्यवसाय उभा आहे असं मला मनापासून वाटतं.

आता त्याचे सोबती. ‘रीझनेबल’ लागतं भावाला, मागणीला, मुदतीला. आपलं ‘वाजवी’ जिथे बसतं तिथे बहुतेक वेळा हे चालतं. ‘इम्पार्शल’ माणसाला किंवा संस्थेला: शिवाजी पार्कवरच्या मॅचला अंपायर इम्पार्शल हवा, पण भाजीचा भाव कधी इम्पार्शल नसतो. ‘अनबायस्ड’ मताला, आणि आपल्या कामात सँपलला. तपासायची व्हाउचर्स क्लायंटनेच निवडून दिली तर ते सँपल अनबायस्ड राहिलं नाही.

‘इक्विटेबल’मध्ये नवे लोक हमखास गोंधळतात, कारण ते ‘इक्वल’सारखं वाटतं. चाळीत पाण्याचा टँकर आला आणि प्रत्येक खोलीला दोन-दोन हंडे दिले, तर ती वाटणी इक्वल. सात माणसांच्या खोलीला जास्त आणि एकट्या आजोबांना कमी दिले, तर इक्विटेबल. ‘जस्ट’ भारदस्त आहे, न्यायनिवाड्याच्या पंक्तीतलं. कामाचं वाटप पटलं म्हणून सरांना ‘जस्ट’ लिहू नका, ‘फेअर’ पुरे. हे तीन शब्द एकत्र बघायचे असतील तर १९७८ च्या मनेका गांधी खटल्याबद्दल वाचा. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क काढून घेणारी कार्यपद्धती ‘जस्ट, फेअर अँड रीझनेबल’ असली पाहिजे, हे सूत्र त्या निकालापासून रूढ झालं. तिन्ही विशेषणं जवळची आहेत, तरी एकावर भागलं नाही.

एक सावधगिरी. कामाच्या मूल्यमापनात ‘एक्सलंट, गुड, फेअर, पुअर’ अशी उतरंड असते. तिथे फेअर म्हणजे न्याय्य नव्हे, जेमतेम. शेरा ‘फेअर’ आला तर सिनियरकडे जाऊन काय कमी पडलं ते विचारा. ‘फेअरली’चंही तसंच, ‘फेअरली गुड’ म्हणजे बऱ्यापैकी. हवामान खात्याचं ‘फेअरली वाइडस्प्रेड’ पावसाचं भाकीत म्हणजे त्या भागातल्या ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर पाऊस.

गोऱ्या रंगासाठीचा ‘फेअर’ लग्नाच्या जाहिरातींतून सगळ्यांना ठाऊक आहे. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०२० मध्ये आपल्या क्रीमच्या नावातून तो काढलासुद्धा. तुम्हीही कुणाच्या वर्णनात वापरू नका. आणि टॅक्सीचं भाडं तो ‘फेअर’ निराळा, त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ई येतो. कन्व्हेयन्सच्या व्हाउचरवर हा घोळ फार दिसतो.

बोलताना ‘फेअर इनफ’ ऐकू येईल. तुमचं म्हणणं पटलं, पुढे चला, एवढाच त्याचा अर्थ. कॅन्टीनमध्ये, टीममध्ये बिनधास्त वापरा. क्लायंटला पत्र लिहिताना मात्र ‘युअर रिक्वेस्ट इज रीझनेबल’ बरं दिसतं.