स्टायरीनचं (पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा द्रव कच्चा माल) पॉलिमर करताना तापमान किती ठेवायचं?

१०० ग्रॅम स्टायरीन अ‍ॅल्युमिनाच्या थरातून सोडून इनहिबिटर (साठवणीत पॉलिमर होऊ नये म्हणून घातलेलं द्रव्य) काढा. तेवढंच टोल्युइन (सॉल्व्हंट) आणि ०.५ ग्रॅम एआयबीएन (रिअॅक्शन सुरू करणारा इनिशिएटर) घाला, अर्धा तास नायट्रोजन सोडा; ऑक्सिजन उरला तर रिअ‍ॅक्शन अडून बसते. मग ७० अंश सेल्सिअस धरा. इथे एआयबीएनचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं फुटायला लागणारा वेळ, सुमारे ५ तास, ८० अंशांना जेमतेम दीड. ते फुटून साखळ्या सुरू करणारे रॅडिकल वाढले की वेग वाढतो, पण साखळ्या आखूड होतात, मॉलिक्युलर वेट घसरतं. घाई नडते ती इथेच.

नवी मुंबईच्या महापे-रबाळे औद्योगिक पट्ट्यात मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच तिशी गाठतं. म्हणून जॅकेटच्या (भांड्याभोवतीचं थंड पाण्याचं आवरण) भरवशावर टोल्युइन कमी करू नका: मिश्रण घट्ट झालं की उष्णता आत कोंडते, तापमान उसळतं. थर्मामीटर जॅकेटमध्ये नव्हे, मिश्रणात बुडवा.