डीस्पेसमध्ये प्रत्येक संग्रहाचं पान वेगळं दाखवायचंय? आधी हे वाचा

सोलापुरात आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात डीस्पेस, म्हणजे डिजिटल संग्रह (रिपॉझिटरी) चालवायचं सॉफ्टवेअर, अजून सहाव्या आवृत्तीवरच आहे. म्हणजे एक्सएमएलयूआय (पानं दाखवणारा भाग), मिराज थीम (पानांचं रूप) आणि एक्सएसएलटी (एक्सएमएलचं वेबपान करणारी भाषा). सातव्या आवृत्तीत हे सगळं जाऊन अँग्युलर ही वेगळी वेब-चौकट आली, त्यामुळे नवीन रिपॉझिटरी उभारणार असाल तर इथे वेळ घालवू नका. जुनी गळ्यात पडली असेल तर मात्र बसा.

मागणी साधी होती. प्रबंधाच्या पानावर मार्गदर्शकाचं नाव वर हवं. १९३० च्या मार्शल लॉची कात्रणं आणि बंद गिरण्यांचे फोटो यांना चित्र मोठं हवं, लेखकाचा रकाना नको.

सगळे सांगतात, संग्रहाला स्वतंत्र थीम लावा. एक्सएमएलयूआय डॉट एक्सकॉन्फ फाइलमध्ये संग्रहाचं हँडल (१२३४५६७८९/१ असा कायमचा क्रमांक) देऊन एक ओळ टाकायची, आतल्या आयटमनाही (प्रत्येक प्रबंध किंवा फोटोच्या नोंदीलाही) तीच थीम लागते. ओळ मात्र वर ठेवा. वरून खाली पाहताना जी थीम पहिली जुळेल तीच घेतली जाते. रंगरूपच बदलायचं असेल तर हे ठीक. पण दोन रकान्यांसाठी अख्ख्या थीमची नक्कल? "कॉपी मार, चालतंय" म्हणणारा सीनियर सगळीकडे भेटतो. अपग्रेडच्या वेळी तो रजेवर असतो, आणि एकच दुरुस्ती पाच फोल्डरांत तुम्ही करत बसता.

मी एकच थीम ठेवून आयटमच्या सारांशाच्या टेम्प्लेटमध्ये चूज-व्हेन, म्हणजे 'हा संग्रह असेल तर असं, नाहीतर (अदरवाइज) तसं' ही अट, लावते. संग्रहाचं हँडल पानाच्या डीआरआयमध्ये (थीम लागण्याआधीच्या पानाच्या कच्च्या एक्सएमएलमध्ये) तयार असतंच: त्यातल्या पेजमेटा या भागात, एलिमेंट फोकस, क्वालिफायर कंटेनर.

आणि इथेच माझी झोप उडाली होती. अट बरोबर, हँडल बरोबर, तरी प्रत्येक आयटमला जुनंच पान. एरर नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. कारण असं: आयटमचा मेटाडेटा (शीर्षक, लेखक वगैरे माहिती) डीआरआयमध्ये नसतोच, तिथे फक्त मेट्स या वेगळ्या एक्सएमएल फाइलचा पत्ता असतो. थीम ती फाइल उघडते आणि सारांशाचं टेम्प्लेट तिच्यावर चालवते. एक्सपाथच्या (एक्सएमएलमधली जागा सांगणाऱ्या पत्त्याच्या) सुरुवातीची तिरपी रेघ म्हणजे तुम्ही सध्या ज्या दस्तऐवजात आहात त्याचं मूळ. तुम्ही आहात मेट्समध्ये, शोधताय डीआरआयमधली गोष्ट. दुसऱ्याच्या घरात शिरून आपली चप्पल शोधण्यातला प्रकार. हाती येतो रिकामा संच. रिकाम्या संचाची मजकुराशी तुलना खोटी ठरते, आणि गाडी गुपचूप अदरवाइजमध्ये जाते. तुम्ही मात्र कॅशेला आणि टॉमकॅट सर्व्हरला शिव्या देत बसता.

उपाय एका ओळीचा. स्टाइलशीटच्या अगदी वरच्या पातळीवर, कुठल्याही टेम्प्लेटच्या बाहेर, व्हेरिएबल करा आणि कंटेनरची किंमत त्यात घ्या. बाहेरचं व्हेरिएबल मूळ दस्तऐवजावर, म्हणजे डीआरआयवरच, सोडवलं जातं. मग टेम्प्लेटमध्ये ते नावाने वापरा. पुन्हा सांगते: टेम्प्लेटच्या बाहेर. आत केलंत तर पहिले पाढे पंचावन्न.

तुलना करताना किमतीच्या सुरुवातीचं एचडीएल आणि कोलन विसरू नका. ते टाळायला कंटेन्स ('यात हे आहे का' बघणारं फंक्शन) वापराल तर १२३४५६७८९/१ हे १२३४५६७८९/१२ मध्येही सापडेल आणि फोटोंच्या पानावर मार्गदर्शक उगवेल. बरोबरचं चिन्हच वापरा. टेस्ट सर्व्हरवरची हँडल्स खऱ्या सर्व्हरवर वेगळी निघतात, म्हणून ती एकाच जागी लिहा.

घाबरू नका, यात प्रोग्रामर असण्याची गरज नाही. मी ग्रंथालयशास्त्राचीच आहे. पत्त्यात हँडलच्या आधी डीआरआय टाकून कच्चं एक्सएमएल डोळ्यांनी बघायची सवय लावा. कोणत्याही गुरूपेक्षा ते जास्त शिकवतं.

हे सगळं आयटमच्या पानापुरतं. संपूर्ण रिपॉझिटरीच्या शोधनिकालात दहा आयटम दहा संग्रहांतले असू शकतात आणि कंटेनर त्यातल्या एकाचाही संग्रह सांगत नाही. तिथे सगळ्यांना एकच साधी यादी ठेवा, आणि वरिष्ठांना ते आधीच सांगून टाका.