डुप्लिकेट माल सापडला की आधी काय करायचं

मी एका बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीत वॉरंटीच्या तक्रारी बघतो. तुटलेली बेअरिंग टेबलावर येते आणि कितीदा तरी ती आमची नसतेच. नाव आमचं, खोका हुबेहूब, आत मात्र भलताच माल. पण ज्या मशिनमध्ये ती बसवलेली होती, तिच्याजवळ माणसं काम करत असतात. म्हणून मी याकडे विक्री बुडाली एवढ्यापुरतं बघूच शकत नाही.

तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकावर आधी संशय घेऊ नका. फसला आहे तो. ‘हा आमचा माल नाही’ म्हणून वाटेला लावलंत तर गिऱ्हाईक जातं आणि पुरावाही जातो. त्याच्याकडून बिल, खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि उरलेला माल मागून घ्या. शक्य असेल तर बदल्यात अस्सल नग द्या. पुढे साक्षीला हाच माणूस उपयोगी पडतो.

मग माल तपासायचा. आमच्याकडे हमखास दिसणारा प्रकार म्हणजे वापरलेली बेअरिंग घासूनपुसून नवी म्हणून विकणं. भिंगाखाली धरली की पॉलिशच्या चकाकीखाली जुन्या आकड्यांचे पुसट वळसे दिसतात आणि त्यावरच नवा नंबर कोरलेला असतो. तरीही नुसत्या दिसण्यावरून निकाल देऊ नये. बॅच नंबर उत्पादनाच्या नोंदींशी ताडून बघा. त्यासाठी प्रत्येक बॅचचा एक नमुना आणि खोक्याची प्रत्येक जुनी छपाई जपून ठेवावी लागते. नाहीतर स्वतःचाच जुना माल खोटा ठरवून बसाल. आणि सापडलेले बारकावे जाहीर करू नका, नक्कल करणाराही ते वाचतो. लोकांना अधिकृत विक्रेत्यांची यादी द्या, तेवढं पुरे.

विकणाऱ्याला लगेच नोटीस पाठवायचा मोह आवरा. तो माल रातोरात हलवेल. आधी त्रयस्थ माणसाकडून एक नग विकत आणवा, पाकीट न फोडता फोटो काढा, बिल जोडा, सीलबंद करा आणि कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला ते लिहून ठेवा. ही साखळी तुटली की समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो.

यातलं काहीही ट्रेडमार्क नोंदवलेला नसेल तर फार पुढे सरकत नाही. नोंदणी देशापुरती असते आणि मालाच्या वर्गापुरती. नीस वर्गीकरणात, म्हणजे ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे गट पाडणाऱ्या आंतरराष्ट्रीय यादीत, एकूण ४५ वर्ग आहेत; मशिनची बेअरिंग सातव्यात येते. विक्रीच्या देशांइतकंच, जिथे नकली माल तयार होतो आणि ज्या बंदरांतून तो जातो तिथेही नाव नोंदवा. बऱ्याच देशांत आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क मोठा, त्यामुळे तुमचं नाव दुसराच नोंदवून बसू शकतो. माद्रिद प्रोटोकॉल या ट्रेडमार्क नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली एकाच अर्जात अनेक देश मागता येतात.

नोंदणी हातात आली की कस्टम्सकडे अर्ज द्या. १ जानेवारी १९९५ पासून लागू असलेल्या ट्रिप्स या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारानुसार, आयात होणारा नकली ट्रेडमार्कचा माल सीमेवर अडवून धरण्याची सोय सदस्य देशांना करावीच लागते. अधिकाऱ्याला अस्सल-नकलीतला फरक दाखवणारं एक पान, अधिकृत आयातदारांची नावं आणि उचलला जाईल असा फोन नंबर द्या. माल अडवल्याची सूचना आली की करारात साधारण १० कामकाजाचे दिवस आहेत, फार तर आणखी १०. तेवढ्यात कायदेशीर कारवाई सुरू झाली नाही तर खेप सुटू शकते. वकील आधीच ठरलेला हवा.

ऑनलाइन बाजारात तक्रार करताना एक भेद पाळा. अस्सल माल तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या बाजारातून आणून विकणं वेगळं आणि नक्कल वेगळी. पहिल्याला नक्कल म्हणून तक्रार केलीत तर गोत्यात तुम्हीच याल.

खोक्यावर क्यूआर कोड छापून निर्धास्त होणारे बरेच भेटतात. सगळ्या खोक्यांवर एकच कोड असेल तर त्याची फोटोप्रतही तितकीच चालते. प्रत्येक नगाला वेगळा नंबर द्या. तोच नंबर दूरदूरच्या गावांतून वारंवार स्कॅन झाला की लक्षात येतं.

नकली मालाचा उगम कधीकधी आपल्याच पुरवठादाराकडे असतो. बाद झालेले भाग, शिल्लक छापील खोके, साचे या सगळ्यांचा हिशेब करारात लिहून घ्या आणि बाद माल डोळ्यांदेखत मोडा.

जप्त मालाचंही तेच. केवळ नाव खरवडून तो परत बाजारात सोडायला ट्रिप्समध्येही अपवाद वगळता मुभा नाही. तडजोड करताना माल नष्ट करण्याची अट घाला, साचे आणि छपाईच्या प्लेट्स तिच्यात धरा, स्वतःचा माणूस तिथे उभा करा आणि लेखी दाखला घेतल्याशिवाय प्रकरण बंद करू नका.