सॅक्सोफोनचा अल्बम ऐकायचाय? मग सॅक्सोफोन शेवटी ऐका

अमेरिकन सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसनचा 'ॲलिगेटर बोगालू' लावा. एप्रिल १९६७ मध्ये न्यू जर्सीतल्या ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झालेला, सहा रचनांचा, गाण्याचा एक शब्दही नसलेला. सोल-जॅझ (ब्लूज आणि चर्चसंगीताच्या ढंगाचा जॅझ) आणि फंक (ठेक्यावर उभं नाचाचं संगीत) यांच्या सीमेवरचा, नवख्याला झेपणारा. 'आधी जॅझचा इतिहास वाचा' म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार करा.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचे सूर उतरतच नाहीत. बरे हेडफोन घ्या आणि पहिल्यांदा अख्खा अल्बम नुसता वाजू द्या. भाजी चिरताना वाजला तरी चालेल.

खरी गोम दुसऱ्या खेपेला आहे. फक्त पहिली रचना लावा आणि बेस, म्हणजे तळाशी चालणारी खालच्या सुरांची ओळ, शोधा. वादक पाच: अल्टो सॅक्सोफोनवर डोनाल्डसन, कॉर्नेटवर (ट्रम्पेटचा आखूड भाऊ) मेल्विन लास्टी, गिटारवर चोवीस वर्षांचा जॉर्ज बेन्सन, ऑर्गनवर लॉनी स्मिथ, ड्रम्सवर लिओ मॉरिस, म्हणजेच पुढचा इद्रिस मुहम्मद. बेसवाला नाहीच! तरी तळाशी काहीतरी सतत चालू असतं. तो लॉनी स्मिथ. हॅमंड ऑर्गनला पट्ट्यांच्या दोन ओळी, खाली पायपट्ट्या. डावा हात आणि पाय बेस सांभाळतात, उजवा हात वर हवं ते करायला मोकळा.

बहुतेकांची गाडी इथंच अडते, माझीही कितीतरी दिवस अडली होती. सॅक्सोफोन आला की कान त्याच्यामागे पळतो आणि बेस हातचा जातो. उपाय एकच: तोंड मिटून बेस गुणगुणा. सॅक्सोफोन आला तरी थांबू नका. सुटला तर थेट सुरुवातीला या, मधूनच पकडायला जाऊ नका. आणि कृपा करून इक्वलायझरवर बेस वाढवू नका. ऑर्गन आणि ड्रम्सचा नुसता चिखल होतो. परीक्षा आहे ती स्मिथच्या स्वतःच्या सोलोत. उजवा हात भटकायला निघतो, डावा जागा सोडत नाही. तिथं तुमचं गुणगुणणं टिकलं, तर जमलं.

दुसरा हमखास मिळणारा सल्ला: 'चार मात्रांपैकी दोन आणि चारवर टाळी द्या.' या अल्बमसाठी नवख्याला तो निरुपयोगी. एक तर ठेक्यावर वाढलेला आपला हात आपसूक समेवर पडतो. त्यात मॉरिस आणि लास्टी दोघेही न्यू ऑर्लिन्सचे. तिथल्या रस्त्यावरच्या मिरवणुकींचं वादन मॉरिसच्या हातात मुरलेलं. तो मात्रांच्या मधल्या फटीत आघात टाकतो आणि टाळी देणारा गडबडतो. पायानं चार मात्रा धरा, बेस तोंडात ठेवा, हात मांडीवर.

आता डोनाल्डसनकडे वळा. वेगवान वादनासाठी गाजलेल्या सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या वळणावर तयार झालेला हा माणूस, वेग त्याला नवा नाही. पण इथं तो ब्लूजचे तोकडे तुकडे वाजवतो आणि थांबतो. बेस तोंडात असेल तरच तो कुठं उचलतो आणि कुठं सोडून देतो हे कळतं.

बाकीच्या रचना याच रीतीनं. शेवटची संथ आहे, तिला वेगळी मेहनत लागत नाही. मग डोनाल्डसनचाच १९६८चा 'मिडनाइट क्रीपर' लावा: कॉर्नेटऐवजी ब्लू मिचेलचा ट्रम्पेट, बाकी चौघे तेच, आणि बेसवाला तिथंही नाही.